लॉइडची बोटं भुतानं नेली नाहीत

गोल चष्मा, गवती टोपी आणि रस्त्याच्या वर उंचच उंच घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा माणूस. मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड याचा हा फोटो दर दोन-चार महिन्यांनी कुणाच्या तरी फॉरवर्डमधून येतोच. खालचा मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. ‘हॉन्टेड स्पूक्स’ या भुताच्या घरावरच्या विनोदी लघुपटाचं शूटिंग चालू असताना तिथे स्फोट झाला, लॉइडची बोटं गेली, नायिका सोडून गेली, आणि तरी या पठ्ठ्यानं उरलेल्या बोटांवर, कसलीही ट्रिक न वापरता घड्याळाला लटकून दाखवलं. शेवटी हात जोडलेली इमोजी. यातली बोटं गेली, एवढं खरं.

मुळात स्फोट भुताच्या घरात झालाच नाही. दिवस २४ ऑगस्ट १९१९, रविवार. चित्रपट अर्धवट झाला होता हे बरोबर, पण त्या दिवशी लॉइड लॉस एंजेलिसमधल्या एका फोटो स्टुडिओत प्रसिद्धीचे फोटो काढून घेत होता. पोज अशी, की हातात बॉम्ब आहे आणि साहेब त्याच्या जळत्या वातीवर सिगारेट पेटवतायत. बॉम्ब नकली आहे अशी सगळ्यांची समजूत. तो फुटला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, चेहरा भाजला, डोळ्याला इजा झाली. शेजारी उभी असलेली माणसंही जखमी झाली, त्यांची आठवण कुठल्याच फॉरवर्डला होत नाही. भुतांची चेष्टा केली म्हणून शाप लागला, अशी शेपटी काही जण जोडतात. सामान नीट न तपासण्याला शाप म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

नायिकेचं दोन ओळींत उरकतो. त्याची आधीची नायिका बीबी डॅनियल्स गेली ती अपघाताच्या आधीच, दिग्दर्शक सिसिल बी. डमिलकडे. ‘हॉन्टेड स्पूक्स’ची नायिका मिल्ड्रेड डेव्हिस. ती सोडून गेली नाहीच, उलट १९२३ मध्ये तिनं लॉइडशी लग्न केलं.

हा प्रसंग सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चित्रपट पाहिलेला नसावा, असा मला दाट संशय आहे, कारण ‘निखळ, निरागस विनोद’ असं त्याचं वर्णन हमखास केलेलं असतं. दोन रिळांच्या या चित्रपटात भुतं येतात ती बऱ्याच उशिरा. एका मुलीला वारसाहक्कानं वाडा मिळतो, पण अट अशी की नवऱ्यासह एक वर्ष तिथे राहायचं. तिला नवरा नाही, म्हणून तिचा वकील नवरा शोधायला निघतो. इकडे प्रेमभंग झालेला लॉइड जीव द्यायला निघालाय. ट्रामसमोर उभा राहतो तर ती ऐनवेळी दुसऱ्या रुळावर वळते. पाण्यात उडी घेतो तर पाणी जेमतेम गुडघाभर. आत्महत्येवरचे विनोद आहेत हे, एकामागोमाग एक. मला हसू आलं, पण निरागस हा शब्द काही सुचला नाही. वकील नेमका त्यालाच नवरा म्हणून गाठतो. पुढे वाड्यात मुलीचा काका खोटी भुतं नाचवून या नवरा-बायकोला पळवून लावायला बघतो, आणि घाबरण्याचं निम्मं काम कृष्णवर्णीय नोकरांच्या गळ्यात मारलेलं आहे: डोळे विस्फारायचे, थरथरायचं, धूम ठोकायची. त्या काळी अमेरिकेत ते सर्रास चालायचं. आज बघताना मात्र तिथे हसू अडकतं.

आता घड्याळ. तो वेगळा चित्रपट, ‘सेफ्टी लास्ट’, १९२३ चा. इमारतीची खोटी दर्शनी भिंत खऱ्या इमारतींच्या गच्चीवर उभारली होती. कॅमेरा अशा कोनात, की गच्ची दिसू नये आणि मागचा खरा रस्ता दिसावा. नायक जसजसा वर चढतो तसतशी गच्ची आणखी उंच इमारतीवरची. खाली गाद्या अंथरलेल्या. लांबून दिसणारी चढाई बिल स्ट्रदरची, जो खराच भिंती चढणारा कसरतपटू होता आणि याच चित्रपटात नायकाचा मित्रही झालाय. काही ठिकाणी लॉइडऐवजी हार्वी पॅरी हा स्टंटमन आहे. हे त्यानं उघड केलं ते लॉइड १९७१ मध्ये वारल्यानंतर.

म्हणजे ट्रिक होती. पण ‘सगळं खोटंच की’ असं म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. गाद्यांवर एक पुतळा टाकून बघितला, तर तो उसळून थेट रस्त्यावर पडला, असं सांगतात. आणि जवळून दिसणारा माणूस लॉइडच आहे, एका हाताला तीनच बोटं असलेला. त्या हातावर कातडीसारखा दिसणारा हातमोजा असायचा, आत खोटा अंगठा आणि खोटं बोट. प्रेक्षकांनी हसायच्या ऐवजी कीव करू नये, म्हणून पडद्यावर तो हात त्यानं आयुष्यभर लपवला. आपण नेमका त्याच हाताला लाल गोल काढून पाठवतो.

‘हॉन्टेड स्पूक्स’ तो बरा झाल्यावर पुरा झाला आणि मार्च १९२० मध्ये लागला. त्यामुळे त्यात दहा बोटांचा लॉइड आहे आणि आठ बोटांचाही. कोणता प्रसंग कोणाचा ते शोधायला मी तो पुन्हा लावला, भुतं सोडून फक्त उजव्या हाताकडे बघायचं ठरवून. मग वाड्यात घाबरून लॉइडचे केस ताठ उभे राहिले, आणि हात बघायचा राहूनच गेला.