आधी मॉनिटर सांगा, मग प्रोसेसरचं बोलू

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा वाचताना तुमचा एक मुद्दा मला चुकवता येणार नाही हे लक्षात आलं. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: गेमिंग पीसीसाठी सहा कोअरचा (एकाच चिपमध्ये सहा प्रोसेसर असल्यासारखा) मधला प्रोसेसर सुचवून मी नवख्यांची दिशाभूल केली, भारीतला प्रोसेसर एकदा घेतला की दहा वर्षं बघायला नको, एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) मी सांगितलेला खर्च ही उधळपट्टी, आणि आठ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड 'पुरे' म्हणणं म्हणजे कहर.

कहरापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ते वाक्य मी घाईत ठोकून दिलं होतं. १०८०पी रिझोल्यूशनवर टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रं) मध्यम ठेवली तर आठ जीबीत बहुतेक गेम चालतात. टेक्स्चर वर नेली आणि कार्डाची मेमरी भरली, की उरलेला माल पीसी‌आय एक्सप्रेसच्या (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या) वाटेने रॅममधून ओढावा लागतो, आणि ती वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपुढे अगदीच अरुंद. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) झकास दिसतो, पण गेममध्ये मान वळवली की चित्र अडखळतं. आरटीएक्स ४०६०ला तर या वाटेच्या सोळाऐवजी आठच लेन आहेत, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर हे जास्तच जाणवतं. वाक्य बदलतो. नवं कार्ड घेणाऱ्याने बारा किंवा सोळा जीबीचं बघावं.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही.

'दहा वर्षं बघायला नको' हे ऐकायला छान वाटतं. जानेवारी २०१७मध्ये इंटेलचा कोअर आय७-७७००के आला. चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), आणि गेमिंगसाठी त्या वेळी लोक डोळे झाकून तोच घ्यायचे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुढच्या पिढीचा आय७ सहा कोअर घेऊन आला. सॉकेटचं (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायच्या खाचेचं) नाव तेच, एलजीए ११५१, पण जुन्या मदरबोर्डवर तो चालेना. पुढे २०२१मध्ये विंडोज ११ आलं आणि त्याच्या अधिकृत यादीत ७७००के नव्हताच. दहा वर्षं राहिली बाजूला, पाच वर्षांच्या आत ही गत.

याउलट इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीच्या एएम४ सॉकेटचं बघा. २०१७मध्ये त्यांचा साधा रायझन प्रोसेसर घेतलेल्यांपैकी अनेकांनी २०२२मध्ये फक्त बायॉस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच मदरबोर्डवर ५८००एक्स३डी बसवला. हा आठ कोअरचा प्रोसेसर बहुतेक गेममध्ये सोळा कोअरच्या ५९५०एक्सच्या पुढे जातो. त्याचा क्लॉक स्पीड साध्या ५८००एक्सपेक्षा कमीच आहे. जादू आहे ती ९६ एमबी एल३ कॅशची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीची. गेमचं मुख्य काम एकदोन थ्रेडवर अडून बसतं. तिथे कोअर वाढवून फार काही हाती लागत नाही, हवी ती माहिती पटकन हाताशी मिळणं महत्त्वाचं. म्हणून आज मधला प्रोसेसर घ्या, मदरबोर्ड असा घ्या की त्यावर पुढची पिढी बसेल. वाचलेले पैसे कार्डात घाला.

आता बॉटलनेक, म्हणजे एका भागामुळे दुसरा अडून राहणं. तुमच्या प्रतिक्रियेत हा शब्द सहा वेळा आला आहे. (मोजले. सवय वाईट आहे.) प्रत्येक फ्रेमला प्रोसेसर आधी हिशेब करतो: कोण कुठे आहे, गोळी कोणाला लागली, काय काय काढायचं आहे. मग कार्ड ते चित्र काढतं. रिझोल्यूशन वाढवलं की प्रोसेसरचं काम जवळजवळ तेवढंच राहतं, कार्डाचं मात्र फुगतं. १०८०पीला साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीला ३६.९ लाख, ४केला ८२.९ लाख. म्हणजे ४के मॉनिटर असेल तर तुमचा भारीतला प्रोसेसर बराच वेळ कार्डाची वाट बघत बसणार. उलट १०८०पी आणि २४० हर्ट्झ (सेकंदाला २४० चित्रं) असेल तर एका फ्रेमला जेमतेम ४.२ मिलिसेकंद मिळतात, तिथे प्रोसेसरचा खरा कस लागतो. हजारो सैनिक हलवणारे स्ट्रॅटेजी गेम आणि फ्लाइट सिम्युलेटर, इथेही तुमचंच खरं. पण यातलं काहीच न विचारता टक्क्यांत बॉटलनेक सांगणारी जी कॅल्क्युलेटर असतात, त्यांच्यावर विसंबून खरेदी करू नका.

एसएमपीएसबद्दल मी हट्टी आहे, त्याला कारण आहे. माझा एक पीसी गेम ऐन रंगात आला की फट्‌कन बंद पडायचा. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, थेट अंधार. रॅम काढून पुन्हा बसवली, विंडोज नव्याने टाकलं, कार्डाला शिव्या घातल्या. एसएमपीएसवर लेबल ६५० वॉटचं, सगळ्या भागांची गरज जेमतेम ४००. त्यामुळे त्याच्यावर संशयच आला नाही. शेवटी मित्राचा एसएमपीएस लावून बघितला, तोही ६५० वॉटचाच, आणि दुखणं तिथेच संपलं. कार्ड क्षणभरासाठी, अगदी सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं, आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. ती झेपली नाही की संरक्षण सर्किट सगळंच बंद करतं. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात यासाठीच १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार पेलण्याची अट आली. ८० प्लसचा गोल्ड बिल्ला बघून निर्धास्त होऊ नका, तो फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. आणि दहा वर्षांचीच हौस असेल तर चांगल्या एसएमपीएसला तेवढी वॉरंटी सर्रास मिळते. दोन बिल्ड सहज निघतात. फक्त जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबल नव्याला लावू नका. टोक सारखं दिसतं, आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग डिस्क जळते.

रॅमबद्दल तुम्ही काही म्हटलेलं नाही, मीही लांबवत नाही: एकाऐवजी दोन स्टिक, आणि बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू.

एक करून बघा. तुमच्या आवडत्या गेममध्ये एफपीएस लिहून ठेवा, मग फक्त रिझोल्यूशन एक पायरी खाली आणून त्याच जागी पुन्हा बघा. आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसर अडवतोय, तुमचा मुद्दा मान्य. भरपूर वाढला तर कार्ड अडवतंय. दोन्ही आकडे इथे टाका, आणि सोबत मॉनिटर कोणता तेही लिहा. एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख कुठेच सापडला नाही.