गोळ्या बंद केल्यानं लायसन्स वाचत नाही

"कलम 16 आलंय! शुगर, बीपी, फिटवाल्यांची आणि साठीपुढच्यांची लायसन्स रद्द. डॉक्टर आरटीओला यादी देणार. मेडिकलच्या आधी आठ दिवस गोळ्या बंद ठेवा, रक्तात काही सापडणार नाही." हा मेसेज फिरत फिरत अंबाजोगाईला आमच्या दाजींच्या मोबाईलवर पोचला आणि दाजींनी खरंच शुगरच्या गोळ्या कपाटात टाकल्या. ताईचा फोन आला तेव्हा कळलं.

म्हणून आधी गोळ्यांचंच बोलू. चाळिशीनंतर लायसन्स रिन्यू करायला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, नमुना 1-ए. त्यात नजर, कान, हातपाय, रातांधळेपणा, 25 मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो का, असलं विचारलेलं असतं. रक्ताचं म्हणाल तर फक्त रक्तगट, तोही ऐच्छिक. गोळ्या कोणी शोधतच नाही, मग लपवायच्या कोणापासून? उलट गोळ्या सोडून शुगर चढली की नजर धूसर होते. मग तो नंबर वाचणार कोण, मेसेज पाठवणारा? आणि फिटवाल्यानं गोळ्या एकदम तोडल्या तर थांबलेले झटके परत सुरू होतात, जिवावर बेततं. परळीच्या घाटात स्टिअरिंगवर फिट यावी, याचीच ही सोय.

कलम 16 आहे, हे मान्य करावंच लागतं. पण ते 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं आहे, काल आलेलं नाही. आजारामुळे माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर आरटीओ सर्टिफिकेट मागू शकतं किंवा लायसन्स रद्द करू शकतं. त्यावर 30 दिवसांत अपीलही करता येतं. सरसकट कोणाचंच जात नाही.

साठीचं तर साफ खोटं. 55 नंतर लायसन्स दर 5 वर्षांनी रिन्यू करायचं, बस्स. डॉक्टरांनी यादी द्यावी असं कलम त्या कायद्यात नाही.

राहिला नमुना 1, जो आपणच सही करून देतो. त्यात फिट, बेशुद्धी, चक्कर थेट विचारलीय. शुगरचं नाव नाही, पण 'लोकांना धोका होईल असा दुसरा आजार' हा प्रश्न आहे. ज्याची शुगर उतरून घाम फुटतो, हात थरथरतात, त्यानं तिथं डोळे झाकून 'नाही' लिहू नये.

दाजी, एवढ्या दिवसांच्या खंडानंतर गोळ्या कशा सुरू करायच्या ते उद्याच डॉक्टरला विचारा. तोवर गाडीची चावी ताईकडे.