गोलकीपरचो पप्पा

गेल्या मंगळवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास मला मुलगा झाला. वय एकोणीस-वीस, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, डोक्याला हेल्मेट, पायांना पॅड. घरी येऊन सांगितलं तर बायको आमटीत डाव फिरवत म्हणाली, "नाव काय त्याचं?" तिथेच तर घोडं अडलंय. पाठीवर 1 हा आकडा होता. त्यापलीकडे माझ्या मुलाबद्दल मला काही माहीत नाही.

आंतरमहाविद्यालयीन हॉकीची फायनल होती. कुठल्या कॉलेजच्या मैदानावर ते सांगत नाही, मला तिथे पुन्हा जायचंय. बँकेत अर्धी रजा टाकली, कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं, फोंड्याहून उभ्याने बसप्रवास केला आणि फाटकाशी पोचलो तर वॉचमन.

प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय मोडलेला, त्याखाली चिऱ्याचा तुकडा. समोर शाळेतलं जुनं बाक, बाकावर वही, वहीला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. सुतळी इतकी आखूड, की लिहायचं तर बाकावर पार ओणवं व्हायला लागायचं. म्हणजे येणारा प्रत्येक माणूस आधी वॉचमनला वाकून नमस्कार करणार आणि मगच आत जाणार.

"तुमी कोणाचे पप्पा?"

आमचं गोव्यात पेपर मराठीत वाचायचा, बाजार कोकणीत करायचा, अर्ज इंग्रजीत भरायचा आणि वॉचमनशी हिंदीत बोलायचं, असं एकंदर चालतं. हा मात्र अस्सल इथला निघाला. त्यामुळे निदान भांडण तरी मनासारखं करता आलं.

"कोणाचोच न्हय," मी म्हटलं. हे पूर्ण खरं नाही. मला मुलगी आहे, पुण्याला नोकरी करते. पण त्याचा प्रश्न तिच्याबद्दल नव्हता.

"मागीर सर?"

"सर न्हय."

"रेफ्री?" माझ्या पोटाकडे नजर गेली आणि त्याने हा प्रश्न स्वतःच मागे घेतला. "प्रिंटरवाले? ऑफिसांतलो प्रिंटर पाड जाला."

"मॅच पळोवंक आयलां."

"खंयची मॅच?"

त्याच्या पाठीमागे पन्नास पावलांवर बावीस पोरं स्टिका घेऊन धावत होती. शिट्ट्या वाजत होत्या. एक पोरगा "लेफ्ट, लेफ्ट!" करून बोंबलत होता. मी नुसतं बोट दाखवलं. वॉचमनने मान वळवून बघितलं, बराच वेळ बघितलं. हे सगळं आपल्या आवारात कधीपासून चाललंय, असा त्याचा चेहरा.

"ती हॉकी," तो म्हणाला.

"हय."

"हॉकी पळोवंक आयल्यात?"

"हय."

"तुमचें कोण खेळटा?"

"कोण ना."

"कोण खेळना आनी पळोवंक आयल्यात." यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बोलतात तसं तो बोलला.

मग वही. तिच्यात नाव, गाव, गाडी नंबर, कोणाला भेटणार, काम, आत जायची वेळ, सही असे रकाने. गाडी नंबर नाही म्हटल्यावर तो आणखी अस्वस्थ झाला. गोव्यात पन्नाशीचा माणूस गाडीशिवाय येतो म्हणजे काहीतरी गडबड असणारच. मी 'काम' या रकान्याखाली सकाळपासूनच्या नोंदी वाचल्या. गॅस सिलिंडर. झेरॉक्स पेपर. पालक. पालक. पाण्याची टाकी. आणि एका ओळीत नुसतं 'माकडां'. गच्चीवरची माकडं हाकलायला कोणी येऊन गेलं असावं.

"प्रेक्षक बरयतां," मी म्हटलं.

"प्रेक्षक म्हणल्यार?"

आता याला काय सांगणार! ज्या वहीत माकडांची सोय आहे, तिच्यात माझी नाही.

त्याने क्रीडा शिक्षकांना फोन लावला. आम्ही दोघंही त्यांना इथूनच बघत होतो. तोंडात शिट्टी धरून ते स्वतःच पंचगिरी करत होते. खिशात फोन वाजत होता, ते खिसा दाबत धावत होते. वॉचमनने तीनदा लावला. तिसऱ्या वेळी त्यांनी खिशाकडे बघितलं आणि तेवढ्यात एक उघड फाऊल सुटला. "सर उखलिना," वॉचमनने मला कळवलं.

मी चिडलो. म्हटलं, गेल्या आठवड्यात इथेच फुटबॉलची फायनल झाली, तेव्हा हे फाटक सताड उघडं होतं आणि ही खुर्ची रिकामी. कोणी वही दाखवली नाही.

"फुटबॉलाक?" तो हसला. पहिल्यांदाच हसला. "फुटबॉल पळोवंक हांवूच भितर गेल्लों."

इथे थोडं थांबून सांगतो. माझं फुटबॉलशी वाकडं नाही. कोण गोंयकार वाकड्यात शिरेल? भात कापून झालं की शेतात गोलपोस्ट उभे राहतात आणि दोन गावांच्या मॅचला आजारी माणूससुद्धा खाटेवरून उठून येतो. फातोर्ड्याच्या स्टेडियमला मी स्वतः घसा बसेपर्यंत ओरडलोय. माझा आयुष्यभराचा देव ब्रह्मानंद शंखवाळकर. 1983-84च्या संतोष करंडकात गोव्याने एकही गोल न खाता विजेतेपद मिळवलं, तेव्हा गोलात तो उभा होता. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत. घराच्या भिंतीशी उभा राहून मीही गोल खात नसे, कारण समोरून मारायला कोणी नसे.

पण 2012 साल आठवा. त्या वर्षी गोवा सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं. आणि त्याच वर्षी केंद्राकडून माहितीच्या अधिकारात उत्तर आलं, की कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही. हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ, असं आम्ही लहानपणी निबंधात लिहून दहापैकी सात गुण घेतले होते. एकाच वर्षी एकाला गादी मिळाली आणि दुसऱ्याकडे गादीचे कागदच नव्हते असं निघालं. तेव्हापासून हॉकी बघायला जाणारा माणूस मनातून थोडा चोरटाच असतो.

हे सगळं मी वॉचमनला सांगितलं. सांगायला नको होतं. वर म्हटलं, 1948ला लंडनच्या ऑलिंपिक फायनलमध्ये आपण ब्रिटनला 4-0 हरवलं, तेव्हा भारताच्या गोलात कोण होता? लिओ पिंटो! मूळचा गोंयकार! इथे गोव्यात अजून पोर्तुगीज बसलेले आणि तिकडे हा इंग्रजांचे चेंडू अडवतोय!

"ताणें कितले गोल खाले?" वॉचमनने विचारलं.

"एकूय ना. चार-शून्य म्हणटां मरे!"

"आनी तुमी कित्याक इतलें सांगतात?"

"कारण हांवूय गोलकीपर आशिल्लों! कॉलेजांत! हॉकीक!"

यातही मी 'राखीव' हा शब्द गाळला. तीन वर्षांत मी मैदानावर एकूण अकरा मिनिटं होतो, तेही मुख्य गोलकीपरचा चष्मा फुटला म्हणून. बाकी वेळ बाकावर पॅड बांधून बसायचो. ते पॅड बांबूच्या कामट्यांचे आणि कॅनव्हासचे, पावसाळ्यात भिजले की नोव्हेंबरपर्यंत सुकायचे नाहीत. आमच्या वेळी पस्तीस मिनिटांचे दोन भाग असत. सत्तर मिनिटं त्या वासात बसणं हाही खेळच होता, फक्त त्याला पदक नव्हतं.

वॉचमनचा चेहरा मात्र उजळला. त्याने मैदानाकडे बघितलं. फाटकाच्या बाजूच्या गोलात एक उंच पोरगा जमिनीवर स्टिक आपटत उभा होता.

"मागीर तशें सांगात मरे!" तो म्हणाला. "तो तुमचो पूत!"

"न्हय रे..."

"गोलकीपराचो पूत गोलकीपर." त्याने वही स्वतःकडे ओढली, सुतळी ताणली आणि 'काम' या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, गोलकीपरचो पप्पा. "सही."

मी ओणवा झालो आणि सही केली. दोन क्वार्टर संपत आले होते, मी तरी काय करणार?

आत प्रेक्षक म्हणाल तर तीन आया, एक आजोबा आणि छत्रीखाली एक कुत्रं. मैदान तांबड्या मातीचं. 2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा म्हापशाच्या पेडे संकुलात टर्फवरची हॉकी मी पाहिली होती. तिथे चेंडू तेलावरून सरकावा तसा जातो. इथे वाटेत खडा लागला की तो एकदम गुडघ्याएवढा उडतो आणि मग कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसतं. पोरांच्या पांढऱ्या मोज्यांचा रंग घोट्यापासून पोटरीपर्यंत तांबडा झालेला, स्टिकांची टोकं तर विटेसारखी.

मी बसतो न बसतो तोच एक शिपाई कागद घेऊन आला. "गोलकीपराचे पालक कोण?" मी कुत्र्याकडे बघितलं. पण फाटकावरून वॉचमन मदतीला धावला. "ते पळय! पेट्याचें शर्ट!" म्हणजे चौकड्यांचा शर्ट. म्हणजे मी.

टी-शर्टचे साडेतीनशे रुपये राहिले होते. बाकी सगळ्यांनी दिले होते. शिपाई म्हणाला, आज हिशेब बंद करायचाय. तिन्ही आया माझ्याकडे बघत होत्या. साडेतीनशे रुपयांसाठी आपण या पोराचे कोणी नाही हे चारचौघांत सांगायचं, की द्यायचे? दिले. पावती मागितली तर म्हणाला, पोराकडे देतो.

आता मला खरोखर राग येतोय, तो लिहून टाकतो. कॉलेजच्या फीत क्रीडा शुल्क घेतात ना? दरवर्षी, प्रत्येकाकडून, खेळो न खेळो. मग कॉलेजसाठी खेळणाऱ्या पोराने कॉलेजचं नाव छातीवर लावायला स्वतःचे पैसे का मोजायचे? मी बँकेत आहे, बँकेच्या नावाची पाटी मला घरून आणायला लावली तर मी युनियनमध्ये जाईन.

आणि दुसरं. तिसऱ्या क्वार्टरला राइट बॅकने स्टिक खाली ठेवली आणि बॅग उचलून चालायला लागला. मला वाटलं लागलं बिचाऱ्याला. आजोबा म्हणाले, "आयएसए आसा ताची." म्हणजे अंतर्गत परीक्षा, साडेतीनला, त्याच कॉलेजात, पहिल्या मजल्यावर. फायनलच्या दिवशी! बाकावर दोन राखीव होते, त्या दोघांचाही तोच पेपर. वेळापत्रक लावणारा आणि स्पर्धा लावणारा एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात, पण बहुधा पाठ करून बसत असावेत. थोरल्या भावाच्या काळात आमची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. असं काही झालं की तो बिनधास्त मुंबईला शिव्या द्यायचा. 1985ला आपलं स्वतःचं विद्यापीठ सुरू झालं आणि ती सोय गेली.

दहावी-बारावीला बोर्ड खेळाचे गुण देतं, तोपर्यंत आईबाप पोराला पहाटे साडेपाचला मैदानावर पोचवतात. कॉलेजात आल्यावर तेच आईबाप विचारतात, याचे किती मिळणार? खेळालाही 'काम' या रकान्यात काहीतरी भरावं लागतं. त्या राइट बॅकला मी दोष देत नाही. तो पेपर सोडून खेळला असता, तर त्याच्या पप्पांनी फाटकावर सही न करताच आत येऊन त्याला नेलं असतं.

दहा जणांत आम्ही लढलो. हो, आम्ही. पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर गेला, त्यात माझ्या पोराची चूक नव्हती. दुसऱ्यात थोडी होती. तिसऱ्याला चेंडू खड्यावर आपटून उडाला आणि पॅडवरून आत. एक आई दुसरीला हळूच म्हणाली, "गोलकीपरच कच्चो." मी उभा राहिलो. त्यांना खडा दाखवला, खड्याची जागा दाखवली, असा चेंडू ब्रह्मानंदनेही सोडला असता असं म्हणालो. हे म्हणताना जीभ जड झाली, पण म्हणालो. ती माउली ओशाळली. तिने मला केळ्याचे चिप्स देऊ केले आणि म्हणाली, "जावं दी हो. फुडल्या वर्सा."

3-1 ने हरलो. हात मिळवणी झाली. माझा मुलगा हेल्मेट काढून पायरीवर बसला, माझ्यापासून चार हातांवर. केस घामाने कपाळाला चिकटलेले. त्याला म्हणावंसं वाटलं की तिसरा गोल तुझा नव्हता. पण तो मला ओळखत नव्हता, आणि शिपाई पावती घेऊन त्याच्याकडेच येत होता. मी उठलो.

फाटकाशी पुन्हा वही. जायची वेळ लिहायला पुन्हा ओणवा झालो.

"हारले?" वॉचमनने विचारलं.

"हारले."

त्याने माझ्या मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे. "पुताक वांगडा व्हरिनात?"

"मागीर येतलो तो," मी म्हटलं, आणि बस धरायला धावलो.