एमसीबी पडतो? मग मोठा बसवा!

घरातला एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप वीज तोडणारा खटका) वारंवार पडू लागला की 'त्यात काय, जरा मोठा बसवून टाकू' असे सांगणाऱ्या प्रत्येक जाणकाराला मला एकदाच विचारायचे आहे: भिंतीतली तार त्या एमसीबीवरचा आकडा वाचून रातोरात जाड होते काय? १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला तर तो पडणार नाही, हे खरेच; कारण त्याआधी तार तापेल, तिचे आवरण वितळेल, आणि हा पहारेकरी मात्र जागचा हलणार नाही. विद्युतप्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, हे शाळेत घोकलेले सगळेजण हाती पक्कड येताच कसे विसरतात?

बरे, अख्खा डीबी (हे सारे एमसीबी जिच्यात बसवतात ती पेटी) बदलायचा ठरला, तर चर्चा कशाची? झाकणाच्या रंगाची! (त्यावर आमच्याकडे अर्धा तास खल झाला.) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा खटका) 'उगाच पडत राहतो' म्हणून वगळायचा, अर्थिंग 'असेलच कुठेतरी' म्हणून सोडून द्यायचे आणि न्यूट्रलच्या साऱ्या तारा एकाच स्क्रूखाली कोंबायच्या. उगाच पडतो? अहो, अंगातून जमिनीकडे निघालेला प्रवाह क्षणार्धात तोडणे हेच तर त्याचे काम आहे! आणि कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, याची साधी चिठ्ठी लावणे म्हणजे तर जणू चैनच. त्यापेक्षा दर वेळी अंधारात उभे राहून एकेक खटका पाडत 'आता गेली का?' असे घरभर ओरडत राहणे आम्हाला अधिक सोयीचे वाटते.