रोमिंग वेगळं, डेटा रोमिंग वेगळं

मागच्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमधले काका सकाळी सकाळी फोन घेऊन दारात हजर. "पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. दहा दिवस. आमच्या दोघांचा रोमिंग पॅक मारून दे रे." पॅक बघितले तर दोघांचे मिळून सहा हजारांच्या आसपास. म्हटलं, काका, एवढ्यात राम मारुती रोडवर तुमची अख्खी खरेदी होईल. त्यावर काका म्हणाले, "आणि बँकेचा ओटीपी आला नाही तर?"

आपल्याकडे नव्वद टक्के लोक रोमिंग पॅक मारतात ते ह्याच धाकाने, असं माझं मत आहे (टक्केवारी माझीच, सोसायटीच्या गप्पांमधली). नेट हवं असतं हे खरंच, पण खरी धास्ती ओटीपीची. आणि गंमत म्हणजे ओटीपीला नेट लागतच नाही. तो साधा एसएमएस असतो. सिमला परदेशात नेटवर्क मिळालं की तो येतो, आणि आलेल्या एसएमएसचे पैसे सहसा पडत नाहीत. म्हणजे निघायच्या आधी कंपनीकडून इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्यायचं आणि फोनमधलं 'डेटा रोमिंग' (म्हणजे परदेशात त्याच सिमवर नेट वापरणं) मात्र बंद ठेवायचं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्या एकच समजतात. प्रीपेडवाल्यांना कधी कधी नेटवर्क पकडण्यापुरता छोटा पॅक मारावा लागतो, तेवढं घरूनच विचारून घ्या. विमानतळावर विचारायला जाल तर समोरचा मोठाच पॅक गळ्यात मारणार.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. 2019 साली सिंगापूरला गेलो होतो. "एकच मिनिट नकाशा बघतो" म्हणून डेटा रोमिंग चालू केलं आणि बंद करायला विसरलो. रात्री आम्ही घोरत होतो आणि फोन इमानेइतबारे दिवसभराचे सगळे फोटो व्हिडिओसकट क्लाउडवर चढवत होता. ठाण्यात परत आल्यावर बिल आलं 11,400 रुपयांचं. तिथल्या मर्लायनच्या पुतळ्याचे एवढे महाग फोटो कुणाकडेच नसतील. चूक माझीच, भांडणार कुणाशी?

तर काकांना पॅक मारू दिला नाही. त्यांच्या फोनवर *#06# डायल केलं. आयएमईआयच्या बरोबर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला, म्हणजे फोनमध्ये ई-सिम (कार्ड न घालता चालणारं सिम) चालतं. काकूंच्या जुन्या फोनवर तो दिसला नाही. मग एकच युरोपचं ई-सिम घेतलं, काकांच्या फोनवर क्यूआर स्कॅन करून टाकलं आणि काकूंना हॉटस्पॉट. दोघांचं मिळून दीड हजारात भागलं. भारतातलं सिम जागच्या जागी, त्याचा डेटा बंद. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालत राहतं, हे काकांना तीनदा समजावलं. काकूंना पहिल्यांदाच कळलं.

इथपर्यंत मी हिरो होतो. बस स्वित्झर्लंडमध्ये शिरली आणि नेट गुल.

झालं असं की युरोपियन युनियनमध्ये 15 जून 2017 पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्यासारखंच चालतं, वेगळे पैसे नाहीत. 2022 मध्ये तो नियम आणखी दहा वर्षांनी वाढवला. नॉर्वे, आइसलँड युनियनमध्ये नसूनही त्यात येतात. स्वित्झर्लंड येत नाही! आणि आपल्या मराठी माणसाची युरोप टूर म्हणजे मुळात स्वित्झर्लंडच. मी घेतलेल्या ई-सिमच्या देशांच्या यादीत ते नव्हतंच, आणि मी यादी वाचली नव्हती. हॉटेलच्या वायफायवरून काकांचा मेसेज आला, "टिटलिसच्या डोंगरावरून नातवाला व्हिडिओ कॉल करायचा राहिला." अजून लिफ्टमध्ये भेटले की ऐकवतात. तेव्हा पॅकवर 'युरोप' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, देशांची नावं बोट ठेवून वाचा. ब्रिटनचंही तसंच, तेही युनियनच्या बाहेर.

त्याच ट्रिपमध्ये काकांनी इटलीत भारतातून आलेला एक कॉल उचलला. पलीकडे पर्सनल लोनवाली बाई. तिला "नको" म्हणण्याचे मिनिटाच्या भावाने पैसे पडले. पॅक नसताना आलेला कॉल उचलला तरी मीटर पडतं, हे मी सांगितलं होतं. पण वाजणारा फोन उचलायचा नाही हे ज्येष्ठांना जमत नाही.

रोमिंग पॅक कधीच घेऊ नये असं नाही हं. चीनला जाणाऱ्याने खुशाल घ्यावा. तिथल्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल बंद असतं, पण आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतं, कारण तो डेटा भारतातल्या नेटवर्कमधून फिरून येतो. दोन दिवसांचं ऑफिसचं काम असेल आणि बिल कंपनी भरणार असेल तर प्रश्नच मिटला.

आता पुढच्या आठवड्यात आई ताईकडे दुबईला चाललीये, महिन्याभरासाठी. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. म्हणून ताईने बोटिम नावाचं कॉलिंगचं अ‍ॅप टाकून ठेवायला सांगितलं, ते मी आईच्या आणि माझ्या फोनवर टाकलं. काल रात्री आईला बसवून सगळं समजावलं. ह्याला हात लावायचा नाही, हे चालू ठेवायचं, विमानात बसल्यावर फ्लाइट मोड, नाहीतर काही विमानांमध्ये वरचं महागडं नेटवर्क पकडतं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दिलं. तिने कागद शांतपणे वाचला, घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवला आणि म्हणाली, "बाकी ठीक आहे रे, पण तिथून मी रोज सात वाजता फोन करणार. आपल्या सातला की त्यांच्या?"