हिमेना दिआस: बापाच्या मारेकऱ्याची बायको की ओव्हिएदोच्या काउंटची लेक?

एल सिद म्हणून गाजलेला स्पॅनिश योद्धा रोद्रिगो दिआस याची बायको हिमेना हिच्याबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: "रोद्रिगोने द्वंद्वयुद्धात हिमेनाच्या वडिलांना, काउंट गोमेसला, ठार केले आणि तरीही तिने त्याच्याशीच लग्न केले. एल्विरा आणि सोल या तिच्या दोन मुलींना त्यांच्या नवऱ्यांनी रानात नेऊन झोडपले आणि तिथेच टाकून दिले. व्हॅलेन्सियाला वेढा पडलेला असताना रोद्रिगो मेला, तेव्हा हिमेनाने त्याचे प्रेत घोड्यावर बांधून वेशीबाहेर काढले आणि शत्रू पळत सुटला." अकराव्या शतकातल्या स्पेनचा इतिहास म्हणून हे वाचले जाते. या तिन्ही गोष्टी नंतरच्या कवींच्या आणि मठातल्या भिक्षूंच्या आहेत. त्यांच्या गर्दीत खरी हिमेना हरवते, आणि तिचे कागद मात्र अजून शाबूत आहेत.

आधी वडील. रोद्रिगोचे जे जुने लॅटिन चरित्र आहे, 'हिस्तोरिया रोदेरिसी', त्यात हिमेना ही ओव्हिएदोच्या काउंट दिएगोची मुलगी आणि राजा सहावा आल्फोन्सो याची नातलग असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. तिच्या नावातूनही तेच निघते. त्या काळी स्पेनमधल्या कास्तील आणि लिओन या राज्यांत आपल्याकडच्या मधल्या नावासारखे वडिलांचे नाव मागे लागे, आणि ते दर पिढीला बदले. दिएगोचे मूल दिआस, रोद्रिगोचे मूल रोद्रिगेस. गोमेसची मुलगी असती तर ती हिमेना गोमेस झाली असती, आणि नंतरच्या काव्यांत तिला तसेच म्हटले आहे. बाप बदलला म्हणून कवींना मुलीचे नावही बदलावे लागले. नवरा-बायको दोघेही दिआस म्हणून ते एकाच घराण्यातले, असेही कोणी कोणी लिहितात. दोघांच्याही वडिलांचे नाव दिएगो होते, इतकाच त्याचा अर्थ. रोद्रिगोचे वडील दिएगो लाइनेस हे बुर्गोसजवळच्या बिवारचे, हिमेनाचे आस्तुरिआसचे.

बापाच्या खुनाची कथा 'मोसेदादेस दे रोद्रिगो' या काव्यात येते. ते चौदाव्या शतकातले, म्हणजे लग्नाला अडीचशेहून अधिक वर्षे उलटून गेल्यावरचे. तिथून ती १६१८ मध्ये छापलेल्या गिएन दे कास्त्रोच्या नाटकात गेली, त्यावरून फ्रेंच नाटककार कोर्नेयने १६३७ मध्ये 'ल सिद' रचले, आणि १९६१ च्या हॉलिवूडपटात सोफिया लॉरेनने तीच हिमेना रंगवली. आजचा मजकूर बहुतेक या चित्रपटावरून उतरलेला आहे.

लग्नाचा खरा कागद मात्र बुर्गोसच्या कॅथेड्रलमध्ये जपलेला आहे. नवऱ्याने बायकोला लग्नात द्यायच्या मालमत्तेचा हा करार. त्यावर जुलै १०७४ ची तारीख आहे (काही अभ्यासक ती १०७९ वाचतात). नवरा कास्तीलचा, जमिनी कास्तीलमधल्या, तरी मालमत्ता दिली ती लिओनच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे मुलीकडच्या रिवाजाने. गावे आणि अनेक गावांतले हिस्से तिच्या नावे केलेले आहेत. शिवाय दोघांनी एकमेकांना वारस ठरवले आहे: रोद्रिगो आधी गेला आणि हिमेना विधवाच राहिली, तर सगळे तिच्या ताब्यात राहील, तिने दुसरे लग्न केले, तर वारसा दोघांच्या मुलांकडे जाईल. कराराला जामीन राहिले दोन काउंट, पेद्रो आन्सुरेस आणि गार्सिआ ओर्दोन्येस. राजा आणि त्याच्या बहिणी उर्राका व एल्विरा यांनी त्याला दुजोरा दिला.

हे जामीनदार नीट पाहण्यासारखे आहेत. १०७२ मध्ये सामोरा शहरापुढे कास्तीलचा राजा दुसरा सांचो मारला गेला आणि त्याचा भाऊ आल्फोन्सो लिओनसोबत कास्तीलचाही राजा झाला. रोद्रिगो हा सांचोचा माणूस. त्याला लिओनच्या बड्या घरातली, आपल्याच नात्यातली मुलगी देऊन आल्फोन्सोने त्याला बांधून घेतले. सूडाला किंवा प्रायश्चित्ताला इथे जागाच नाही. राजकारणाने जुळवलेली सोयरीक होती ती, आणि तशी ती टिकलीही. पुढे याच गार्सिआ ओर्दोन्येसला रोद्रिगोने काब्राच्या लढाईत कैद केले आणि दोघांचे वैर जुंपले.

आता मुली. हिमेनाला तीन मुले होती: दिएगो, क्रिस्तीना आणि मारिआ. एल्विरा आणि सोल ही नावे 'कांतार दे मिओ सिद' या काव्यातली, आणि कोर्पेसच्या ओकरानात घोड्याच्या तंगांनी व टाचांच्या आरांनी मुलींना झोडपण्याचा प्रसंगही तिथलाच. त्या काव्यातले खलनायक, कार्रिओनचे दोघे जावई, बेनी-गोमेस घराण्यातले आहेत. जामीनदार पेद्रो आन्सुरेस त्याच घराण्यातला, आणि दुसरा जामीनदार त्याच काव्यात सिदचा शत्रू म्हणून वावरतो. कवीने दरबारातले वैर मुलींच्या संसारात आणून ओतले आहे. काव्य म्हणून तो प्रसंग फार ताकदीचा आहे, पण त्या काळच्या एकाही दस्तात या लग्नांचा मागमूस नाही.

प्रत्यक्षात क्रिस्तीनाचे लग्न मोन्सोनचा स्वामी रामिरो सांचेस याच्याशी झाले. तो नाव्हार्राच्या राजघराण्यातला. त्यांचा मुलगा गार्सिआ रामिरेस ११३४ मध्ये नाव्हार्राचा राजा झाला. त्याची मुलगी ब्लांका कास्तीलच्या तिसऱ्या सांचोला दिली, आणि तिचा मुलगा म्हणजे १२१२ मध्ये लास नाव्हास दे तोलोसाची लढाई जिंकणारा आठवा आल्फोन्सो, हिमेनाचा खापरपणतू. मारिआ बार्सिलोनाचा काउंट तिसरा रामोन बेरेंगेर याला दिली. १०९० मध्ये रोद्रिगोने त्याच्याच काकाला लढाईत पकडले होते.

मुलगा दिएगो तर त्या मजकुरात नाहीच, कारण काव्यातही नाही. १५ ऑगस्ट १०९७ रोजी कोन्सुएग्राच्या लढाईत तो राजाच्या बाजूने लढताना मारला गेला. हिमेनाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा घाव हा असणार, आणि लोक हळहळतात ते न घडलेल्या मारहाणीवर. १०८९ च्या सुमारास आलेदोच्या मोहिमेत रोद्रिगो वेळेवर पोहोचला नाही म्हणून राजाने त्याची मालमत्ता जप्त केली आणि हिमेनाला मुलांसकट कैदेत टाकले. तेही कोणी सांगत नाही.

प्रेताच्या स्वारीसाठी फक्त तारखा मांडून पाहाव्यात. व्हॅलेन्सिया रोद्रिगोच्या हाती आले जून १०९४ मध्ये. तो तिथेच १०९९ च्या जुलैत वारला. उत्तर आफ्रिकेतल्या अल्मोराविद या मुस्लिम राजवटीचा सेनापती मझदाली याचा वेढा पडला तो ११०१ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे दोन वर्षांनी. मधल्या काळात शहराचा कारभार हिमेना पाहत होती. मे ११०१ मध्ये तिने व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलला आणि बिशप हेरोनिमोला दिलेले दानपत्र आज सालामांकाच्या कॅथेड्रलमध्ये आहे. हेरोनिमो पुढे तिथला बिशप झाला, त्याच्याबरोबर कागद गेले. वेढा काही महिने चालला. हिमेनाने हेरोनिमोला राजाकडे मदतीसाठी पाठवले. आल्फोन्सो ११०२ च्या वसंतात सैन्य घेऊन आला, पण आपल्या मुलखापासून इतक्या दूरचे शहर राखणे जमणार नाही, असे त्याने ठरवले. लोकांना बाहेर काढले, शहर पेटवून दिले, आणि मे महिन्यात अल्मोराविद आत शिरले. रोद्रिगोचे शव या काफिल्याबरोबर बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठात नेले गेले. शव व्हॅलेन्सियातून निघाले, एवढाच दंतकथेतला खरा धागा. मसाले भरलेले प्रेत, बाबिएका घोडा आणि पळणारा शत्रू राजा बुकार हे सगळे कार्देन्याच्या मठात रचले गेले आणि तेराव्या शतकात राजाश्रयाने लिहिलेल्या इतिहासग्रंथात शिरले. मठाकडे कबर होती आणि कबरीला भाविक हवे होते.

व्हॅलेन्सिया सोडल्यावर हिमेना कास्तीलला परतली. १११३ मध्ये तिने वाल्देकान्यास येथील मालमत्ता विकल्याचा दस्त आहे. लग्नाच्या करारात ज्या तऱ्हेचे हक्क तिला मिळाले होते, ते विधवापणी ती स्वतः वापरत होती. तिची कबर कार्देन्यात असल्याचे अजूनही लिहिले जाते. तिथे आता रिकामे थडगे आहे. नेपोलियनच्या सैन्याने ते फोडले होते, आणि १९२१ पासून दोघांचे अवशेष बुर्गोस कॅथेड्रलच्या मधल्या घुमटाखाली आहेत.