चार तासच लिही

तिला विचारूनच हे लिहितोय. तिचं नाव लिहिणार नाही, कंपनीचंही नाही. ती धुळ्याची, मी चोपडा तालुक्यातला. पुण्यातल्या एका मोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये मी तिचा मॅनेजर होतो. गेल्या महिन्यात तिला काढलं. कारण दिलं, युटिलायझेशन, म्हणजे क्लायंटच्या बिलावर चढलेल्या तासांचं प्रमाण, ५८ टक्के.

ते ५८ टक्के माझ्यामुळे झाले.

आमच्या धंद्यात माणसाचे तास विकले जातात. आठवड्याचे ४० धरले तर वर्षाचे २,०८० तास होतात. आमच्याकडे त्यातले ८० टक्के, म्हणजे १,६६४ तास, क्लायंटच्या बिलावर चढावे लागतात. ट्रेनिंग त्यात धरत नाहीत. नवीन काम मिळावं म्हणून रात्र रात्र जागून केलेली प्रपोजल्सही धरत नाहीत. काम मिळालं की श्रेय पार्टनरचं, म्हणजे फर्मच्या भागीदाराचं, आणि ते मिळवायला ज्या पोरांनी स्लाइड्स केल्या त्यांच्या टाइमशीटवर तेवढे दिवस 'अव्हेलेबल', म्हणजे रिकामे.

आणि काम विकलं जातं भाव पाडून. तिला जे काम दिलं होतं, त्याच्या बजेटमध्ये तिचे दिवसाला चारच तास बसवले होते. काम होतं बाराचं. जास्त तास लिहिले तर प्रोजेक्टचं मार्जिन, म्हणजे नफा, पडतं, मार्जिन पडलं की मॅनेजरचं रेटिंग पडतं. म्हणून मी तिला म्हणालो, "चारच लिही, बाकीचं नंतर बघू." माझ्या मॅनेजरनं मला हेच सांगितलं होतं, त्याला त्याच्या. आमच्यात याला तास खाणं म्हणतात. ती चार तास क्लायंटवर लिहायची, चार 'अव्हेलेबल'वर टाकायची, आणि त्यापुढचे चार कुठेच लिहायची नाही. नऊ आठवडे हे चाललं. ४५ दिवसांत खरे तास ५४०, बिलावर १८०. पुढच्या वेळी तसंच काम आलं तेव्हा बजेट करणाऱ्यानं जुनी टाइमशीट काढली आणि पुन्हा चारच तास बसवले, कारण कागदावर ते काम चार तासांतच झालेलं होतं.

काढायच्या लोकांची यादी बनवणारा माणूस तिला ओळखतही नव्हता. त्याच्यासमोर एक्सेल होती, आणि त्या एक्सेलमध्ये ती अर्धा दिवस रिकामी बसलेली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेलो तेव्हा नानांना हे सांगितलं. नाना शेतकरी, शिक्षण सातवी. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "मग ती पोरगी रात्री दोनपर्यंत काय करू राहिली होती?" मी म्हटलं, काम. "अन् वहीत कोणी लिहू नाही दिलं?" मी म्हटलं, मी.

ते पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी आमच्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, विषय काढला. आमच्याकडे आखाजीला साल ठरतं. एकदा ठरलं की श्रावणात झड लागो, आठ-आठ दिवस वाफसा न होवो, औत जागेवर उभं राहो, सालदाराचं साल कापलं जात नाही. तो गोठ्यात बसून दावी वळतो, बैलांना बघतो. पाऊस त्यानं आणलेला नसतो, म्हणून त्याचा भार त्याच्यावर टाकत नाहीत. सालदारकी फार चांगली होती असं मी म्हणत नाही. उचल घेतलेली अख्खी कुटुंबं वर्षानुवर्षं त्यात फिटली नाहीत, हे मी लहानपणापासून बघितलंय. पण काम नसण्याची जोखीम मालकाची असते, एवढी गोष्ट त्या जुन्या, कठोर व्यवहारालाही कळत होती. आमच्या धंद्यात क्लायंट मिळवणं पार्टनरचं काम, आणि क्लायंट नाही मिळाला तर बेंचवर, म्हणजे कामाविना, बसल्याचा दोष २४ वर्षांच्या पोरीचा.

हे एका फर्मचं नाही. २०२३ मध्ये ॲक्सेंचरनं १९,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं. जून २०२५ मध्ये टीसीएसनं नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस बिलावर हवेत आणि बेंच ३५ दिवसांच्या आत. पुढच्याच महिन्यात सुमारे १२,००० लोकांच्या कपातीची बातमी आली. २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक सीए मुलगी नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच वारली. तिच्या आईनं कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरलं. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं, हळहळलो, आणि सोमवारी पुन्हा टीमला म्हणालो, चारच लिही. मीही म्हणालो.

जळगाव, धुळे, नंदुरबारहून या नोकऱ्यांत येणाऱ्या मुलांशी मला खास बोलायचंय. आपल्याकडे कंपनीबद्दल मोठा आदर आहे. विप्रो १९४५ मध्ये आपल्या अमळनेरलाच वनस्पती तुपाच्या कारखान्यातून उभी राहिली, हे ऐकतच आपण वाढलो. त्या आदरापायी आपण विचारत नाही. विचारा. खऱ्या तासांची स्वतःची वही ठेवा, तारीख घालून. मॅनेजर तास खायला सांगेल तेव्हा "ठीक आहे, मेलवर सांगा" एवढं म्हणा. आणि एचआर त्या छोट्या खोलीत बोलावून "राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील" म्हणाली तर तिथल्या तिथे सही करू नका. राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वतः सोडून गेलात. काढून टाकलं, आणि सलग वर्षभर नोकरी झालेली असून कायद्याच्या व्याख्येत तुम्ही कामगार ठरलात, तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हा हक्क आहे. कामगार कोण, ते ठरतं तुम्ही प्रत्यक्ष काय काम करता यावर, कार्डावर 'कन्सल्टंट' छापलंय यावर नाही.

आईवडिलांना एक विनंती. पोरगी घरी आली तर पहिल्याच दिवशी "दुसरीकडे कधी लागणार" असं विचारू नका. तिची आई रोज विचारते. मायेनंच विचारते, पण मुलगी हल्ली जेवायला खाली येत नाही.

तिनं सही केलेली नाही. तिच्याकडे वही आहे, रोजची, मी काय म्हणालो ते शब्दही त्यात आहेत. मी माझ्या सहीचं पत्र तिला दिलंय: त्या ४५ दिवसांत तिनं ५४० तास काम केलं, आणि १८० लिहायला मी सांगितलं. माझा राजीनामा गेलाय, नोटीस पिरियड चालू आहे. कामगार आयुक्त कार्यालयात तिची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. मी तिच्यासोबत जाणार आहे.